कोकरेवस्तीवरचा उजेड

"गुन्हा मेंदूत जन्मतो, भाऊसो," नाथाजी शेलार म्हणाले. "हात, सुरी, विष ही सगळी मागून आलेली पाहुणेमंडळी. ज्याला मेंदू वाचता येतो, त्याच्यापासून या जगात काही लपत नाही."

हे बोलताना साताऱ्याचे एकमेव खासगी गुप्तहेर घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. नवे बूट चावत होते. बूट एक नंबर लहान आहेत ही गोष्ट त्यांच्यापासून महिनाभर लपली होती, आणि अखेर ती भाऊसोंनी उघडकीला आणली होती.

भाऊसोंनी मान डोलावली. तलाठी कचेरीत त्यांनी सारी नोकरी मान डोलावण्यात काढली होती. निवृत्तीनंतर ते नाथाजींचे मदतनीस झाले, म्हणजे आता मान बिनपगारी डोलत होती.

एवढ्यात दारात आधी एक मिशी आली आणि तिच्यामागून सुभेदार हंबीरराव डुबल आले.

"माझी अंडी चोरीला जात्यात," ते उभ्यानंच म्हणाले.

सुभेदार मूळ मलकापूरचे. पेन्शन झाल्यावर त्यांनी कवठे महांकाळच्या पुढं, कोकरेवस्तीवर माळ घेतला आणि यंदा त्यावर पोल्ट्री काढली. वस्ती सगळी धनगरांची. चारशे कोंबड्या आणल्या, सांगलीला जाऊन ट्रेनिंग घेतलं.

"पावसाळाभर पलटणीगत अंडी द्यायच्या. डिसिप्लिन एकदम. दिवाळीपास्नं उतरत चालली. आता निम्मीबी न्हाईत."

"संशय कुणावर?"

"संशय कशाला? चोर घावलाय. तानुबाई कोकरे. नवरा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलाय, ही शेडात कामाला. आत जाती-येती ती एकटीच. फकस्त पुरावा न्हाई."

"झडती घेतलीत?"

"भर वस्तीत. पाटी पालथी घातली, वटी झाडाय लावली. एक अंडं न्हाई."

पदराची ओटी चारचौघांत झाडायला लावली, हे सुभेदार असं म्हणाले जणू बंदुकीची नळी साफ करून पाहिली. भाऊसोंनी घमेल्याकडे पाहिलं. का कोण जाणे, त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग म्हनलं, बिरोबाचा भंडारा उचल. हातात घे आन् म्हन, या शेडात म्या कायबी वावगं केल्यालं न्हाई. तर बाई गप. ‘अंडं न्हाई घेतलं’ येवढंच म्हनती. भंडाऱ्याला हात लावत न्हाई."

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन खोटं बोलायची कोकरेवस्तीत कुणाची छाती नव्हती.

"येत्या रविवारी शेवटचं," सुभेदार म्हणाले. "उचलला न्हाई तर कामावरनं गेली. तिच्या लेकीची सोयरीक ठरलीया, तीबी मोडतीय. चोरटीची पोरगी कोन घरात घेनार? म्हनून म्हनतो, त्याच्या आत पुरावा काढून द्या, म्हंजी आमच्या मनाला टोचनी नगो."

नाथाजींनी पाय घमेल्याबाहेर काढले. "भाऊसो, जुने बूट."

*

कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलात बल्ब पेटलेला. भाऊसोंनी चहाची बशी तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि खाली ठेवली. चहात तीन पाखरं पोहत होती.

"जोंधळा पोटऱ्यात आला की ही पिडा," हॉटेलवाला म्हणाला. "बल्ब लावला की आलीच. सकाळी खराट्यानं पंख लोटायचं आन् मग भट्टी पेटवायची."

नाथाजींनी बल्बाखालच्या फरशीकडे पाहिलं. ती पंखांनी पांढरी झाली होती. "यांना चहा दुसरा द्या," ते म्हणाले, आणि स्वतःचा पाखरांसकट प्याले. तपासावर असताना त्यांचं असंच व्हायचं.

सकाळी सुभेदारांनी शेड दाखवलं. लांबलचक, वर पत्रा, बाजूंना कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर तारेची जाळी. आढ्याला ओळीनं बल्ब टांगलेले. एका बाजूला वस्ती. दुसऱ्या बाजूला उतार, उतारावर बाभळींची रांग, आणि बाभळींपलीकडून बाजाराचा गाडीरस्ता.

"हे बल्ब कशाला?" नाथाजींनी विचारलं.

"ट्रेनिंगात सांगितलंय. दसऱ्यापास्नं संध्याकाळी आठपत्तर आन् पहाटं दिस उगवंपत्तर लाईट. कशाला ते इचारलं न्हाई. ऑर्डर इज ऑर्डर."

"लावतं कोण?"

"तानुबाई. येक बाबतीत बाई वक्तशीर हाय. म्या संध्याकाळी देवळाकडं निघतो तवा सारं शेड दिवाळीगत उजाळल्यालं असतं."

देवळाच्या कट्ट्यावर सुभेदार रोज संध्याकाळी वस्तीतल्या बाप्यांना लढाई सांगत. देऊळ टेकाडापलीकडे होतं. लढाई आठपर्यंत चाले. शत्रू रोज हरत असे, पण वेळ लागायचा. पहाटे सुभेदार माजघरात जोर-बैठका आणि पूजा करून उन्हं आल्यावर बाहेर पडत.

नाथाजी शेडात वाकून फिरले. जमिनीवरून बोट फिरवून ते त्यांनी नाकाशी नेलं. "झाडलोट कधी?"

"आठवड्यातनं येकदा, सोमवारी."

शुक्रवार होता. खाली भुसा, विष्ठा, पिसं होती. पिसं जरा जास्तच होती. नाथाजींनी एक कोंबडी उचलून तिचा तुरा निरखला. तुरा फिकट होता, आखडून एका बाजूला पडलेला.

"हिचं खाणं?"

"पोतीच्या पोती हायत. चला, दावतो."

घरामागं एक विटांची खोली होती. नवी, गिलावा केलेली, एका माणसापुरती. दार उघडलं तर आत छतापर्यंत खाद्याची पोती.

"पयली दर पंधरवड्याला गाडी मागवाय लागायची. आता ही दिवाळीतली अजून तशीच."

नाथाजींनी खालचं पोतं जरा सरकवलं. त्याखाली पांढऱ्या चिनीमातीची कड दिसली.

"हे काय, सुभेदार?"

"संडास वो. फौजेतली सवय म्हनून बांधला. पन पोती ठेवाय जागा नव्हती. आन् हितं मोकळा माळ पडलाय येवढा, संडास कुनाला पायजे?"

ज्वारीची भाकरी वाढताना सुभेदारांच्या पत्नी राहीबाई पदर कपाळावर ओढून उभ्या होत्या.

"वैनी, संध्याकाळी शेडात दिवा असतो ना?" नाथाजींनी सहज विचारलं.

राहीबाईंच्या हातातली भाकरी ताटाबाहेर पडली. "असतो की," त्या जमिनीला म्हणाल्या, आणि आत गेल्या.

"हिची तब्येत नाजूक," सुभेदार समजावून म्हणाले. "दसऱ्याला येकाएकी भूकच मेली. रातचं जेवन सोडलं, पानीसुदीक पिईना. वैद्याचा काढा आनला. धा-बारा दिसात झ्याक झाली. गुनी वैद्य."

राखणदार केरबाला बोलावलं. केरबा म्हातारा, कानानं तिखट, डोळ्यानं बेताचा.

"म्या येतो रातच्या जेवनानंतर. तवा दिवं बंदच असत्यात. आठाला बंद करायचंच असत्यात की."

"आणि पहाटे?"

"तानुबाई आली की म्या घरला. मागं वळून कोन बघतंय, थंडी किती असती." केरबानं आवाज खाली केला. "सायेब, कोंबड्या खुडूक झाल्या आसत्याल."

"खुडूक कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसते, केरबा. या उभ्या आहेत."

"उभ्यानंच खुडूक झाल्या आसत्याल. इलायती हायत."

शेवटी तानुबाई आली. चाळिशीची, काटक. ती दारातच थांबली. आपल्याला आत बोलावलंय यावर तिचा विश्वास बसत नसावा.

"अंडं न्हाई घेतलं," ती विचारण्याआधीच म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे," नाथाजी म्हणाले. भाऊसो चमकले. "भंडारा का उचलत नाहीस?"

तानुबाईची मान अशी खाली गेली की भाऊसोंना वाटलं, ही आता जमिनीत शिरेल.

"रविवारी उचलशील?"

"न्हाई."

"लेकीचं लग्न मोडेल."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर हळद हातात घिऊन खोटं कसं बोलू? आन् खरं..." ती तिथंच थांबली, वळली, निघून गेली.

"संपलं," भाऊसो हळहळून म्हणाले. "म्हणजे काहीतरी केलंय हिनं."

"केलंय," नाथाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी एक नाजूक अडचण उद्भवली, ती भाऊसोंच्या पोटात. चहातल्या पाखरांनी आपला वचपा काढला होता. तांब्या घेऊन ते लगबगीनं बाभळींच्या दिशेनं निघाले. देवळाकडे निघालेला केरबा मागून धावत आला.

"पाव्हणं, तिकडं नगो. तिकडं बायकांचं हाय. आपलं बाप्यांचं वड्याकडं."

बाभळींकडे जाणाऱ्या वाटेवर पाच-सहा बायका थबकल्या होत्या. त्यांनी भराभर पाठी फिरवल्या. भाऊसोंचा चेहरा कानापर्यंत तापला. ओढा लांब होता. ते परतले तेव्हा नाथाजी अंगणात पायरीवर बसले होते.

"कुठं होतात?"

"विचारू नका," भाऊसो म्हणाले, आणि नंतर सगळं सांगितलं. कुणीतरी हसेल आणि लाज ओसरेल, असं त्यांना वाटलं होतं.

नाथाजी हसले नाहीत. ते त्या विटांच्या खोलीकडे बघत बसले. मग शेडाकडे. मग बराच वेळ आपल्या जुन्या बुटांकडे.

*

शनिवारी ते सांगलीला गेले. शेडातली एक कोंबडी भाऊसोंच्या काखेत. एसटीत ती सारा वेळ एका मास्तरीणबाईंच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होती आणि भाऊसो त्यांची क्षमा मागत होते.

जनावरांचे डॉक्टर भिलवडीकर नाथाजींचे जुने स्नेही. त्यांनी कोंबडी उलटी केली आणि शेपटाखालच्या दोन हाडांमध्ये बोट घालून पाहिलं.

"अंडी घालणारी असती तर इथं तीन बोटं गेली असती. हिला एकही जात नाही. दुकान बंद."

नाथाजी पुढं काही विचारणार, तेवढ्यात कोंबडी निसटली. पुढची सगळी चर्चा चालू असताना भाऊसो परसात तिच्यामागं पळत होते. धापा टाकत परत आले तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणत होते, "...आणि भूकही तिथूनच."

"काय ठरलं?" भाऊसोंनी विचारलं.

"गुन्हा मेंदूत जन्मला," नाथाजी म्हणाले. "पण मेंदू कुणाचा, यात मी चुकलो होतो."

*

रविवारी दिवस कलताना सगळी वस्ती बिरोबाच्या देवळापुढं जमली. बाप्ये कट्ट्यावर, बायका खाली एका बाजूला. पुजाऱ्याच्या हातात भंडाऱ्याचं ताट होतं. तानुबाई एकटी मध्ये उभी होती. तिच्या लेकीचे होणारे सासरे मुद्दाम आले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

"बोला नाथाजीराव," सुभेदार म्हणाले. "चोर कोन?"

"चोर नाही. चोरी झालीच नाही."

कट्ट्यावर कुजबुज झाली.

"अंडी चोरीला जातात तेव्हा कोंबडी ती घालते तरी. घालणारी कोंबडी खा-खा खाते. इथं अंडी निम्म्याहून कमी आणि दिवाळीतली पोती अजून तशीच. चोर अंडी नेईल, सुभेदार, कोंबडीची भूक कशी नेईल? तुरे सुकलेत. पिसं झडतायत. डॉक्टरांनी हाडं तपासली. या कोंबड्यांनी अंडी घालणंच सोडलंय."

"आजार हाय म्हना की."

"आजार नाही. अंधार." नाथाजी कट्ट्याच्या कडेला आले. "कोंबडीच्या कवटीतून उजेड थेट मेंदूत उतरतो. डोळे झाकले तरी उतरतो. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा आहे, ती मोजत बसते, दिवस मोठा का लहान. मोठा असला की ती खालच्या गाठीला हुकूम देते, गाठ रक्तात रस सोडते आणि अंडाशय कामाला लागतं. भूकही तिथूनच सुटते. दिवस लहान झाला की मेंदू म्हणतो, आता थंडी, पिल्लं जगायची नाहीत, दुकान बंद. मग अंडीही नाहीत आणि भूकही नाही."

"म्हंजी सुभेदारच की," कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं. "कोंबडीच्या डोस्क्यात सुभेदार बसलाय."

"तसंच. आणि हिवाळ्यात त्याला फसवायला आपण दिवा लावतो."

"पन दिवं रोज लागत्यात," सुभेदार म्हणाले. "म्या सोता बघतो."

"तुम्ही देवळाकडे निघता तेव्हा बघता. केरबा येतो तो आठानंतर. पहाटे तुम्ही पूजेत असता. मधल्या वेळात शेडाकडे कुणा बाप्याचं लक्ष नसतं. स्टँडवरच्या बल्बाखाली एका रात्रीत पंखांचा सडा पडतो. तुमच्या शेडात सोमवारपासून झाडलेलं नाही, आणि ओळभर बल्बांखाली मला एक पंख सापडला नाही. कोंबड्यांनी टिपले म्हणावं, तर त्यांची भूकच मेलीय. सुभेदार, तुमची पाठ फिरली की ते दिवे विझतात."

मग तानुबाई बोलली. "म्या इझवलं."

"का?" सुभेदारांचा आवाज चढला. "काय वाकडं केलं हुतं म्या तुझं?"

भाऊसोंनी पाहिलं, तिच्यामागं उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम खाली गेल्या होत्या. राहीबाईंचीही.

"म्हणून ती भंडारा उचलेना," नाथाजी म्हणाले. "नुसतं ‘अंडं घेतलं नाही’ एवढंच म्हणायचं असतं, तर तिनं तो कधीच उचलला असता. तुम्ही म्हणालात, काही वावगं केलं नाही असं म्हण. दिवे तर तिनं विझवले होते. खोटं बोलवेना, आणि खरं..."

नाथाजी थांबले. बोट वर उचललेलं होतं, ते हळूहळू खाली आलं. प्रत्येक तपासाच्या शेवटी त्यांचं मोठं भाषण असे आणि भाऊसो त्याची वाट बघत असत. पण आज नाथाजींना तानुबाईची मान दिसत होती.

"खरं मी इथं सांगणार नाही," ते म्हणाले. "सुभेदार, शेडाकडे चला. बाप्येमंडळी, तुम्हीपण."

बाभळींपाशी पोचले तोवर अंधार पडला होता. नाथाजींनी बाप्यांना गाडीरस्त्यावर उभं केलं.

"सुभेदार, तुम्ही त्या बाभळीमागं जा. आणि जरा उकिडवे बसा."

"काय?"

"ऑर्डर आहे."

सुभेदार गेले आणि बसले. अंधारात ते दिसेनासे झाले. नाथाजी शेडाकडे गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

ओळीनं बल्ब पेटले. जाळीतून उजेड भसकन उतारावर सांडला. बाभळीचा काटा न् काटा उजळला. आणि बाभळीमागं, गुडघे छातीशी घेतलेले, फेट्याचा शेमला पाठीवर सोडलेले, सुभेदार हंबीरराव डुबल लख्ख दिसू लागले. मिशीचा पीळसुद्धा.

नेमकी त्याच वेळी बाजाराहून परतणारी एक बैलगाडी आली. गाडीवान भला माणूस होता. "राम राम सुभेदार," तो म्हणाला. "बरं हाय न्हवं?"

रस्त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग कुणीच हसलं नाही. एकेका बाप्याच्या डोक्यात तो उजेड पडत गेला. दसऱ्यानंतरचे दहा-बारा दिवस इथं रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी काय झालं असेल, हे कळायला त्यांना बाभळीमागं मिशी दिसावी लागली. त्यांच्या घरांतल्या बायका याच अंधाराच्या भरवशावर होत्या. कोंबड्यांना उजेड लागायचा तो नेमक्या याच दोन वेळी.

भाऊसोंना राहीबाईंचं सोडलेलं जेवण आठवलं. दिवे लागले, तेव्हा कोंबड्या जास्त खायला लागल्या, आणि वस्तीतल्या बायका खायच्या थांबल्या. पाणीसुद्धा पिईनात. मग तानुबाईनं दिवे विझवले आणि वैद्याच्या काढ्याचं नाव झालं. ते रस्त्याच्या कडेला सरकले. कुणाच्या तोंडाकडे बघावं ते त्यांना कळेना.

सुभेदार उठले. त्यांना चढ चढून यायला फार वेळ लागला. मिशी तीच होती, पण ती आता कुणा दुसऱ्याच्या तोंडावर चिकटवल्यासारखी वाटत होती.

बायका मागोमाग आल्या होत्या, त्या शेडाच्या कोपऱ्याला उभ्या होत्या. सुभेदार तानुबाईसमोर जाऊन थांबले.

"मला सांगायचं न्हाई का, तानुबाई?"

"कसं सांगू, मालक?"

सुभेदारांनी राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाई दुसरीकडे बघत होत्या. दसऱ्यापासून की त्याच्याही आधीपासून, ते सुभेदारांना आठवेना.

पुजारी ताट घेऊन तसाच मागं आला होता. सुभेदारांनी मूठभर भंडारा उचलला.

"ही बिरोबाची हळद," ते म्हणाले. "ही हळद हातात घिऊन सांगतो. तानुबाईनं माझ्या शेडात कायबी वावगं केल्यालं न्हाई. वावगं म्या केलं. भर वस्तीत वटी झाडाय लावली. माझं चुकलं, बाई."

तानुबाईच्या होणाऱ्या व्याह्यांनी घसा खाकरला. "आमची सोयरीक पक्की हाय," ते अंधाराला म्हणाले. "कवाच मोडली नव्हती."

तानुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "अंडं न्हाई घेतलं," ती म्हणाली.

"पडद्याला पोती आहेत," नाथाजी हळूच म्हणाले. "रिकामी करून या बाजूच्या जाळीला शिवली तर उजेड आतच राहील. आणि ती खोलीही मोकळी होईल."

पण सुभेदारांना एवढ्यावर चैन पडेना. लाज फार झाली की काही माणसांना भाषण येतं. ते बाप्यांकडे वळले.

"पोत्यानं भागनार न्हाई. म्या वस्तीला संडास बांधून देतो. धा. पक्के. शिमिटाचे. पायाभरनीला कलेक्टरसायबाला आनू. बँड लावू. दगडावर ह्या दिसाची तारीख कोरू, म्हंजी पुढच्या पिढीला..."

"आवं," राहीबाई म्हणाल्या.

सुभेदार थांबले.

"ते हुईल तवा हुईल. आता तुमी सगळी बाप्ये माणसं तेवढी टेकाडापल्याड जावा." त्यांनी शेडाकडे बोट केलं. "आन् जाताना ते दिवं इझवा. आमाला लय वेळ झालाय."